पक्षाघातानंतर मेंदू पुन्हा कसा शिकतो

पक्षाघाताचा झटका येऊन गेला की पहिल्या आठवड्यात घरात एकच प्रश्न फिरत असतो: हात परत चालेल का? डॉक्टर म्हणतात, ‘फिजिओ सुरू करा, वेळ लागेल.’ भेटायला येणारे म्हणतात, ‘आमच्या सासऱ्यांना महिन्याभरात फरक पडला होता.’ कुणी तेलाचं नाव सुचवतं, कुणी लकव्याचं औषध देणाऱ्या गावाचा पत्ता लिहून देतं. या गडबडीत डोक्याच्या आत नेमकं काय बिघडलंय, त्यातलं काय भरून येऊ शकतं आणि त्यासाठी रोज काय करावं लागतं, हे घरच्यांना शांतपणे समजावून सांगणारं कुणी सहसा भेटत नाही. ज्या घरावर ही वेळ आली आहे त्या घरासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी बिघाड समजून घेऊ. मेंदूचं वजन सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास. पण शरीर बसल्या जागी जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. साठवून ठेवण्याची सोय मात्र त्याच्याकडे जवळजवळ नाही. साखर आणि प्राणवायू रक्तातून अखंड येत राहावे लागतात. बहुतेक रुग्णांमध्ये रक्ताच्या गुठळीने वाहिनी बंद होते, काहींमध्ये ती फुटते. वाहिनी बंद झाली की तिच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेला भाग काही मिनिटांतच मरू लागतो. त्याच्या भोवतीच्या भागाला शेजारच्या वाहिन्यांतून थोडंफार रक्त मिळत असतं. तिथल्या पेशी काम थांबवतात, पण काही तास जिवंत राहतात. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता. मेंदूची मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी जातात.

म्हणून तोंड वाकडं झालं, एक हात वर उचलून धरता येईना, बोलणं बोबडं किंवा असंबद्ध झालं, तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही. १०८ ला फोन करून जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा मोठ्या रुग्णालयात थेट जायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तार घालून गुठळी बाहेर काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत करता येते. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. ती आठवून, शक्यतो कागदावर लिहून न्यावी.

गेलेलं येत नाही, तरी माणूस सुधारतो

मेंदूत अंदाजे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. त्यातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मेंदूच्या पेशींची रचना ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कागदावर उतरवली, त्या स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं की मोठ्या माणसाच्या मज्जासंस्थेत मार्ग ठरून गेलेले असतात, तिथे सगळं मरू शकतं, नव्याने काही उगवत नाही. १९०६ चं नोबेल मिळालेल्या माणसाचं हे मत, त्यामुळे पुढची कित्येक दशकं वैद्यकशास्त्र त्याच समजुतीवर चाललं. रुग्णाला आधार द्यायचा, जखमा होऊ द्यायच्या नाहीत, उरलेल्या हाताने भागवायला शिकवायचं, इतकंच.

पण रुग्ण सुधारतात, हे तर डोळ्यांना दिसत होतं. मग सुधारतं ते काय?

एकापेक्षा जास्त गोष्टी, आणि त्या वेगवेगळ्या वेगाने. पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत सूज उतरते, अर्धमेल्या पेशी सावरतात. शिवाय मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी जोडलेले असतात. डीपी जळाली की ज्यांच्या घरातल्या वायरी शाबूत आहेत त्यांच्याकडेही अंधार होतो, तसं एका जागी इजा झाली की तिच्याशी जोडलेले धड भागसुद्धा काही काळ मंदावतात. कॉन्स्टँटिन फॉन मोनाको या न्यूरॉलॉजिस्टने ही गोष्ट १९१४ मध्येच मांडली होती. हे मंदावलेले भाग पुढे हळूहळू जागे होतात. आठ दिवस लुळा पडलेला पाय नवव्या दिवशी हलतो, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

ही सुधारणा कुणी काही केलं नाही तरी थोडीफार होतेच, हे ध्यानात ठेवायला हवं, कारण फसगत इथूनच सुरू होते. त्याच आठवड्यात कुणी तेल चोळलेलं असतं, कुणी कबुतराचं रक्त लावलेलं असतं, कुणी दोन रात्रींचा प्रवास करून मुळी आणलेली असते. पाय हलतो आणि श्रेय त्या मुळीला जातं. ज्यांना आपोआप फरक पडला नाही त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. मला याचा राग येतो तो पैशांपेक्षा वेळेसाठी. या खटपटीत जे आठवडे जातात ते पुन्हा मिळत नाहीत. हा वेळेचा मुद्दा पुढे येईलच.

दुसरी गोष्ट सावकाश घडते आणि ती कष्टाने घडवावी लागते: उरलेल्या पेशी नवं काम शिकतात.

शिकताना मेंदूत काय बदलतं

हे समजायला थोडा वेळ पक्षाघात बाजूला ठेवू. एक मज्जापेशी दुसरीला जिथे निरोप देते त्या जोडाला सिनॅप्स म्हणतात. कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलं की एक पेशी दुसरीला पेटवण्यात पुन्हा पुन्हा हातभार लावत राहिली, तर त्या दोघींमधला जोड अधिक पक्का होतो. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत हे मोजून दाखवलं. काही सेकंदांची जलद विद्युत उत्तेजना दिल्यावर जोडांची ताकद वाढली आणि ती तासन्‌तास टिकली. सायकल, पोहणं, टायपिंग, नव्या गावातले रस्ते, आपण जे काही शिकतो त्याच्या मुळाशी असे असंख्य जोड घट्ट होणं, सैल होणं, नवे तयार होणं आणि जुने छाटले जाणं असतं.

लंडनचं उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं, पण अर्धवट. तिथे काळी टॅक्सी चालवायचा परवाना हवा तर शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यात तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या चालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या, जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. यावर शंका रास्त होती: ज्यांचा तो भाग मुळातच मोठा, तेच टॅक्सीवाले होत असतील तर? मग त्याच शहरातले बसचालक तपासले. तेही दिवसभर गाडी चालवतात, पण ठरलेल्या मार्गावर. त्यांच्यात तो फरक नव्हता. पुढे परीक्षेची तयारी करणाऱ्या ७९ जणांचा सुरुवातीपासून पाठपुरावा झाला. त्यातले ३९ पास झाले, आणि त्या भागातली वाढ पास झालेल्यांमध्येच दिसली. २०११ च्या त्या निष्कर्षाने ती शंका बरीचशी मिटली.

जर्मनीतल्या एका अभ्यासात लोकांना तीन चेंडू हवेत झेलत राहायला शिकवलं. तीन महिन्यांत हालचाल टिपणाऱ्या भागांत फरक दिसला. सराव थांबवल्यावर पुढच्या तीन महिन्यांत तो बराचसा ओसरला. वापरलं नाही की मेंदू जागा परत घेतो. पक्षाघाताच्या रुग्णाला हाच नियम सर्वांत जास्त बोचतो.

ते कसं, हे रँडॉल्फ न्यूडो यांच्या १९९६ च्या प्रयोगात दिसलं. लहान जातीच्या माकडांच्या मेंदूत, हात हलवणाऱ्या भागात एक छोटी इजा केली. ज्या माकडांना नंतर तसंच सोडलं, त्यांच्यात इजेच्या शेजारचा, धड असलेला हाताचा भागही आक्रसला. ती जागा कोपर आणि खांद्याच्या हालचालींनी घेतली. इतर माकडांचा चांगला हात बांधून ठेवला आणि लहान लहान खळग्यांमधून खाऊ काढायचा सराव लुळ्या हाताकडून रोज करून घेतला. त्यांच्यात हाताची जागा टिकली. काहींमध्ये तर ती शेजारच्या भागात पसरली. इजा सारखीच, माकडं त्याच जातीची. फरक फक्त बोटांनी रोज काय केलं याचा.

एक पेला उचलताना

आता माणसाच्या हाताकडे येऊ. टेबलावर स्टीलचा पेला ठेवला आहे आणि उजवा हात लुळा पडलेला माणूस तो उचलायला जातो. आधी खांदा कानाकडे चढतो. कोपर सरळ न होता बाजूला उघडतं. कमरेतून सगळं अंग पुढे झुकतं. मनगट खाली पडलेलं असतं, बोटं मुठीतून सुटत नाहीत. हात पेल्यापर्यंत पोचतो, पण तो धडाने पोचवलेला असतो. घरचे म्हणतात, ‘अरे वा, पोचला!’ कौतुक करावंच, पण मेंदू इथे काय शिकला? पुढे झुकायला शिकला. हीच हालचाल रोज पन्नास वेळा झाली तर तीच पक्की होणार.

चांगला फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा तज्ज्ञ) इथे काय करतो ते पाहण्यासारखं असतं. तो पाठ खुर्चीला टेकवतो, खांद्यावर हलका हात ठेवतो आणि पेला इतका जवळ आणतो की न झुकता पोचता येईल. स्टीलच्या पेल्याऐवजी हलका प्लास्टिकचा घेतो. आधी फक्त मनगट वर उचलणं, मग अंगठा आणि बोटांमध्ये पेला मावेल इतकं उघडणं. ते जमलं की पेला दोन बोटं लांब सरकतो, मग त्यात थोडं पाणी येतं. काम कायम जमण्याच्या किंचित पलीकडे ठेवायचं असतं. फार सोपं झालं तर मेंदूला नवं काही मागितलं जात नाही. फार अवघड झालं तर माणूस पुन्हा खांदा चढवून वेळ मारून नेतो.

आणि संख्या. माकडं-उंदरांच्या ज्या प्रयोगांत मेंदूतले बदल दिसले, त्यांत एका दिवसात शेकडो वेळा हालचाल करून घेतलेली असते. २००९ मध्ये कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या थेरपीची प्रत्यक्ष सत्रं बसून मोजली. हाताने काही काम करण्याच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. तीही परदेशातल्या सुसज्ज केंद्रांमध्ये. आपल्याकडे आठवड्यातून तीनदा घरी येऊन अर्धा तास हात-पाय हलवून देणारा फिजिओ असेल, तर त्यात रुग्णाने स्वतः केलेल्या हालचाली किती, हे एकदा मोजून बघा. दुसऱ्याने हलवून दिलेला हात आखडत नाही, सांधे मोकळे राहतात, हा फायदा खरा आहे. पण शिकण्यासाठी हालचालीचा हुकूम रुग्णाच्याच मेंदूतून सुटावा लागतो, भले त्यातून बोट एक इंचच हलो.

हाताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांमध्ये पाहिली. हाताकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसा कापलेली माकडं तो हात वापरणं सोडून देतात. हलवण्याच्या नसा शाबूत असूनही सोडून देतात. सुरुवातीला प्रयत्न फसतो, दुसऱ्या हाताने काम होतं, आणि ‘हा हात वापरायचा नाही’ हीच सवय लागते. चांगला हात काही दिवस बांधला की तोच टाकलेला हात कामाला लागतो, असं टॉब यांना दिसलं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालअपेष्टांवरून १९८१ मध्ये अमेरिकेत मोठं प्रकरण झालं, पोलिसांनी माकडं ताब्यात घेतली, खटला चालला. त्या माकडांनी जे सोसलं ते लपवून हे ज्ञान सांगू नये असं मला वाटतं.

यातून निघालेल्या उपचारात रुग्णाच्या चांगल्या हातावर जाड मोजा चढवतात. जागेपणीचा बहुतेक वेळ तो काढायचा नाही, आणि दोन आठवडे रोज कित्येक तास कमजोर हाताकडून नेमका सराव करून घ्यायचा. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली. २००६ मध्ये आलेल्या निकालानुसार नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचा वापर जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. मात्र या रुग्णांना मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येत होती. हात पूर्ण निपचित असेल तर हा उपचार लागू पडत नाही. चालताना तोल जात असेल तर चांगला हात अडकवून ठेवणं धोक्याचं आहे. म्हणून घरच्या घरी मोजा चढवून सुरुवात करू नका, थेरपिस्टला विचारा.

टाकून दिलेला हात आपल्या घरांत कसा तयार होतो, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. ‘तुम्ही नका उठू, मी देते.’ ‘राहू द्या बाबा, मी भरवतो.’ शर्टाचं बटण सुनबाई लावतात, भाजी-पोळीचे घास मुलगी करते, चप्पल नातू सरकवतो. सगळं प्रेमापोटी होतं आणि त्यात दिवस निघून जातो, पण त्या दिवसात हाताला एकही काम पडलेलं नसतं. बटणाला पाच मिनिटं लागत असतील तर ती लागू द्यावीत. पोळीचा तुकडा डाव्या हाताने मोडला तरी उजव्या हाताने ताट धरून ठेवावं. एक मात्र कटाक्षाने पाळा: रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. स्नायूंचा आधार गेलेला असतो, खांद्याचा सांधा जागेवरून सरकतो, आणि मग महिनोन्‌महिने दुखणाऱ्या खांद्यामुळे हाताचे व्यायामच बंद पडतात.

मग घरच्यांनाच थोडं शिकवलं तर थेरपिस्टचं काम भागेल का? हा प्रश्न भारतातच मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. देशभरातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण घेऊन, घरच्या माणसाला प्रशिक्षण देऊन बघितलं. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन या दोन्ही बाबतींत फरक नव्हता. निराश करणारा, पण महत्त्वाचा निकाल. रुग्णाच्या कौशल्याला रोज तोलून काम अवघड-सोपं करत नेणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, ते थोडक्या प्रशिक्षणात दुसऱ्याच्या अंगी येत नसावं, असा मी त्याचा अर्थ लावतो. घरच्यांनी थेरपिस्टने दिलेलं काम दिवसभर चालू ठेवावं. थेरपिस्टची जागा मात्र त्यांच्यावर लादू नये.

पहिले महिने

आता वेळेबद्दल. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसतं की इजेनंतर काही आठवडे इजेभोवतीच्या भागात वाढीला चालना देणारी जनुकं जागी होतात, उरलेल्या पेशींना नवे फाटे फुटतात, नवे जोड बनतात. २००४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांचा सराव पाचव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी सुरू करून पाहिला. पाचव्या दिवशी सुरू केलेल्यांना सर्वांत जास्त लाभ झाला, तिसाव्या दिवशी सुरू केलेल्यांना जवळजवळ नाहीच.

माणसात हे तपासणारी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ७२ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांवर हाताच्या सरावाचे २० तास जादा दिले, पण वेगवेगळ्या वेळी: पहिल्या ३० दिवसांत, दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, किंवा सहा महिने उलटल्यावर. दोन ते तीन महिन्यांच्या गटाला सर्वाधिक फायदा झाला. पहिल्या महिन्यातल्यांना त्याहून थोडा कमी. सहा महिन्यांनंतरच्या गटात लक्षणीय फरक दिसला नाही. चाचणी लहान होती, पण रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे हेच ते आठवडे, जेव्हा आपल्याकडे बहुतेक घरांत थेरपी कमी होते किंवा थांबते. विश्रांतीच्या नावाखाली हे दिवस पलंगावर गेले तर ते फार महागात पडतं.

लवकर म्हणजे अगदी पहिल्याच दिवशी धावपळ, असंही नव्हे. २,१०४ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत झटक्यानंतर २४ तासांच्या आत वारंवार आणि जास्त वेळ उठवून बसवलेल्या-चालवलेल्या रुग्णांचा निकाल तीन महिन्यांनी थोडा वाईटच आला. पहिल्या दिवशी किती उठवायचं ते डॉक्टर ठरवतील.

बोलणं गेलं तेव्हा

डाव्या बाजूच्या मेंदूला इजा झाली तर उजव्या हाता-पायाबरोबर पुष्कळदा भाषाही जाते. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांच्याकडे आलेला एक रुग्ण ‘तान’ एवढंच म्हणू शकायचा. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळत असे. त्याच्या मृत्यूनंतर डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात इजा सापडली. असा माणूस वेडा झालेला नसतो, बहिराही नसतो. त्याच्याशी ओरडून बोलू नये, आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलू नये. त्याला समजत असतं.

कधी कधी घरच्यांना चकित करणारी गोष्ट घडते. स्वतःचं नाव सांगता न येणारे आजोबा संध्याकाळी सगळ्यांबरोबर आरती म्हणतात, शब्द न चुकता. किंवा ‘बे एके बे’ सुरू करून दिलं की पुढचा पाढा पूर्ण करतात. ही खोटी आशा नाही आणि चमत्कारही नाही. पाठ झालेली, चालीत बसलेली भाषा आणि क्षणाक्षणाला शब्द शोधून केलेलं वाक्य, ही कामं मेंदू वेगवेगळ्या रीतीने करतो. पहिल्या कामात डाव्या मेंदूच्या इजा झालेल्या भागावरचा भार कमी असतो. याचाच आधार घेऊन ‘पाणी दे’, ‘मला जायचंय’ अशी रोजची छोटी वाक्यं लयीत, डाव्या हाताने ताल धरत म्हणून घेण्याची एक पद्धत स्पीच थेरपिस्ट वापरतात. सराव त्या माणसाच्या रोजच्या भाषेत झाला पाहिजे. घरी मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठीतली चित्रं दाखवून ‘हे काय आहे?’ विचारत राहिलं, तर आपण त्याची परीक्षा अवघड करून ठेवतो.

झटक्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. ‘व्यायामच करत नाहीत, आळशी झालेत’ असं म्हणण्याआधी ते तपासून घ्यावं. त्यावर उपचार आहेत.

मेंदूबद्दलच्या काही मोठ्या गोष्टी

मेंदू बदलतो हे कळल्यापासून त्याच्या नावावर वाटेल ते खपवलं जातं. काही दावे तर चांगल्या विज्ञानातून निघून पुढे ताणले गेले. हात कापला गेलेल्या काही माणसांच्या गालाला स्पर्श केला की नसलेल्या हाताला स्पर्श झाल्यासारखं वाटतं, हे विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. मेंदूतल्या हाताच्या मोकळ्या जागेत चेहरा घुसला, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन जणांच्या मेंदूचं चित्रण हात काढण्याच्या आधी आणि नंतर केलं. हात गेल्यावरही मेंदूतला त्या हाताचा नकाशा जवळजवळ जसाच्या तसा होता. म्हणजे मोठ्या माणसाच्या मेंदूतले भाग वाटेल तशी कामं बदलून घेत नाहीत. आधीपासून असलेल्या, दबून राहिलेल्या जोडण्यांना बळ देण्यावर त्यांचा बराच भर असतो. ‘उजवा मेंदू डाव्याचं सगळं काम घेईल’ असं कुणी ठासून सांगत असेल तर सावध राहा. लहान मुलांमध्ये तसं बऱ्याच प्रमाणात घडू शकतं. साठीच्या माणसात ते गृहीत धरता येत नाही.

पण वयाची भिंतही वाटते तितकी बंद नसते. पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पात दिल्लीत जन्मांध मुलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. काहींचं वय आठ ते सतरा होतं. मेंदूची पाहायला शिकण्याची वेळ केव्हाच गेली, असं ज्यांच्याबद्दल पूर्वी खात्रीने म्हटलं असतं, अशी ही मुलं. पट्टी काढल्यावर, हाताने ओळखीची असलेली वस्तू त्यांना नजरेने ओळखता आली नाही. काही दिवसांतच ती ओळखू लागली. नजर सगळी मिळाली नाही, बारकावे कमीच राहिले, पण कामाची मिळाली.

औषधांबाबत थोडक्यात. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने हाताची सुधारणा वाढते असं २०११ च्या एका छोट्या चाचणीत वाटलं होतं. ३,१२७ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्या जागा आपल्याकडे बऱ्याच आहेत. भारतातच पाच केंद्रांत, १२० रुग्णांवर, त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देऊन चाचणी झाली. २०१४ चा निकाल: उपचार सुरक्षित, पण फायदा नाही. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर पक्षाघातासाठी असे उपचार विकणं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. तेवढ्या पैशांत वर्षभर चांगला थेरपिस्ट येईल.

झटक्याला वर्षं लोटली असतील त्यांचं काय? लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात हात कमजोर राहिलेल्या जुन्या रुग्णांना तीन आठवड्यांत ९० तास सराव देतात. अर्ध्याअधिक रुग्णांना झटका येऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त झालेलं होतं. २२४ जणांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. हात सुधारले आणि सहा महिन्यांनीही सुधारलेलेच राहिले. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही उणीव आहे. तरी ज्यांना ‘आता जे व्हायचं ते झालं’ असं सांगून घरी पाठवलं जातं, त्यांच्याबाबत ते वाक्य घाईचं ठरतं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. जुना रुग्ण घेऊन तिथे जाता येतं. जाताना ‘हात बरा करा’ म्हणण्यापेक्षा एक काम ठरवून जा: डबा उघडायचाय, साडीच्या निऱ्या धरायच्यात, मोबाइल उजव्या हातात पेलायचाय. त्या कामातली कोणती हालचाल अडते, ती घरी दिवसाला किती वेळा करायची, आणि जमू लागल्यावर पुढची पायरी कोणती, एवढं थेरपिस्टकडून लिहून घ्या.